सुक्या फळांचा स्वयंपाकात व भट्टीत उपयोग

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांत आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बेदाण्याच्या शेडवर कामाची एकच घाई उडालेली असते. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईल यांच्या द्रावणात बुडवून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर पसरली जातात. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. लांब, एकसारखा व हिरवा माल प्रतवारी होऊन सौद्याला जातो. आखूड, तांबूस किंवा ऊन लागून गडद झालेला माल मात्र मागे राहतो. तो पडत्या भावाने विकला जातो, नाही तर पोत्यात भरून घराच्या कोपऱ्यात पडतो आणि पहिल्या पावसाबरोबर ओल धरून वाया जातो. ज्या घरी बेदाणा क्विंटलांनी पिकतो, त्याच घरी तो सणावाराच्या शिऱ्यात मूठभर पडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

असे होण्याचे कारण केवळ काटकसर नव्हे. बेदाणा, खारीक, जर्दाळू, सुके अंजीर ही फळे स्वयंपाकात कशी वागतात याची पुरेशी माहिती नसते. खिरीत बेदाणा घातला की दूध फाटते, घरी केलेल्या पावात तो चिवट लागतो, लाडवात घातला तर लाडवांना बुरशी येते. असा अनुभव एकदा आला की गृहिणी पुन्हा त्या वाटेला जात नाही. वास्तविक या तिन्ही तक्रारींवर उपाय आहे आणि तो फारसा अवघड नाही.

सुके फळ तहानलेले असते

पिकलेल्या द्राक्षात वजनाच्या सुमारे चार पंचमांश पाणी असते. उत्तम वाळलेल्या बेदाण्यात ते सुमारे 15 टक्क्यांपर्यंत खाली येते. गेले ते पाणी. द्राक्षातील साखर, आंबटपणा व क्षार बेदाण्यातच राहतात आणि थोड्या जागेत दाटतात. बेदाण्याच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरेचा असतो. इतकी साखर असल्यामुळेच त्यात जंतू वाढू शकत नाहीत व तो टिकतो. याच साखरेमुळे तो भोवतालचे पाणी ओढून घेतो. पिठात घातला तर पिठातील, दुधात घातला तर दुधातील, आणि पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर हवेतील.

म्हणून सुके फळ वापरताना पहिला प्रश्न असा विचारावा की, करावयाचा पदार्थ किती दिवस ठेवावयाचा आहे? पदार्थ आजच संपणार असेल, तर फळाला त्याचे पाणी आधीच परत द्यावे, म्हणजे ते इतर जिनसांतून ओढणार नाही. पदार्थ महिनाभर ठेवावयाचा असेल, तर फळाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. खीर, भात, पाव व केक पहिल्या वर्गात मोडतात. लाडू व वड्या दुसऱ्या वर्गात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना ही गोष्ट महिला मंडळात दाखविण्यासाठी एक तराजू व दोन वाट्या पुरेशा आहेत. दोन्ही वाट्यांत 100 ग्रॅम धुतलेला व निथळलेला बेदाणा घ्यावा. एकीत थंड पाणी व दुसरीत हाताला सोसेल इतके कोमट पाणी घालावे. पाव तासाने, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेदाणा निथळून त्याचे वजन करावे. कोमट पाण्यातील बेदाणा लवकर फुगतो, हे सर्वांच्या नजरेस येईल. त्यानंतर वाटीत उरलेले पाणी चाखावयास द्यावे. ते गोड लागते. फळात पाणी शिरत असता फळातील साखरही पाण्यात उतरत असते. रात्रभर भिजविलेले पाणी मोरीत ओतणारी गृहिणी फळाचा काही भागच ओतून देत असते, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

येथे एक पथ्य आहे. हिरवा रंग टिकावा म्हणून बेदाण्यास गंधकाची धुरी देण्याची पद्धत आहे. शिवाय रॅकवर धूळ बसलेली असते. तेव्हा बेदाणा प्रथम स्वच्छ पाण्यात चोळून एकदोनदा धुवावा व ते पाणी टाकून द्यावे. नंतर ज्या पाण्यात तो भिजवावयाचा, ते पाणी मात्र पदार्थातच वापरावे.

खीर, शिरा आणि भात

द्राक्षात टार्टारिक आम्ल असते व वाळल्यावर तेही दाटते. उकळत्या दुधात बेदाणा टाकून खीर आटवीत ठेवली, तर हे आम्ल दुधात उतरते व दूध फाटण्याचा संभव असतो. गुळाची खीर विस्तवावर नासते, तशातलाच हा प्रकार. बेदाणा अर्ध्या वाटी पाण्यात मंद विस्तवावर वेगळा शिजवून घ्यावा, पाणी त्यातच आटू द्यावे, आणि खीर चुलीवरून उतरून जरा निवल्यावर तो मिसळावा. जर्दाळू व सुके अंजीर यांनाही हीच रीत लागू आहे. जर्दाळू तर बेदाण्याहूनही आंबट असतो.

शिरा, साखरभात व नारळीभात यांत बेदाणा तुपात परतून घालण्याची आपली जुनी चाल शास्त्रीय दृष्ट्या योग्यच आहे. तुपात पडताच बेदाण्यातील थोड्या पाण्याची वाफ होते व तो टम्म फुगतो. फुगला की त्याच क्षणी तो झाऱ्याने काढावा. तूप फार तापलेले असेल किंवा बेदाणा त्यात क्षणभर अधिक राहिला, तर त्यातील साखर करपते व तो कडू लागतो. हा फुगा निवल्यावर बसतो. म्हणून परतलेला बेदाणा भात दमावर ठेवतानाच आत मिसळावा. तेथे त्याला भाताची वाफ मिळते व तो मऊ राहतो. वर शोभेसाठी पेरलेला बेदाणा तासाभरात पुन्हा आकसतो.

तिखट पदार्थांतही सुक्या फळांना स्थान आहे. मिरचीच्या पंचामृतात चिंच, गूळ, तीळ व शेंगदाणे यांच्या जोडीला बेदाणा घातला, तर गूळ थोडा कमी लागतो. मुंबईच्या पारशी घरांत जर्दाळू घालून मटण शिजवितात व वर बटाट्याच्या बारीक तळलेल्या सळ्या पेरतात. तेथे जर्दाळू आधी भिजवून मऊ करतात आणि मटण शिजत आल्यावरच घालतात. आरंभीच घातले तर ते विरघळून जातात व रस्सा नुसता गोड होतो. भिजविलेले पाणी रश्श्यात घालण्याची चतुराई याही स्वयंपाकात आढळते.

बेदाण्याचा पाव

सुक्या फळांची खरी परीक्षा भट्टीत होते. खेड्यातही आता पाव घरोघर पोहोचला आहे. परंतु बेदाण्याच्या गावातील बेकरीत बेदाण्याचा पाव क्वचितच मिळतो. अमेरिकेतील नियमाप्रमाणे बेदाण्याचा पाव म्हणून विकावयाच्या पावात दर 100 भाग पिठास निदान 50 भाग बेदाणा असावा लागतो. आपल्याकडे आरंभी इतका घालण्याचे कारण नाही. हात बसेपर्यंत 100 भाग पिठास 30 भाग पुरे.

500 ग्रॅम पिठासाठी 150 ग्रॅम बेदाणा, सुमारे 300 मिलिलिटर कोमट पाणी, 25 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम तूप किंवा लोणी, 8 ग्रॅम मीठ आणि 7 ग्रॅम कोरडे झटपट यीस्ट घ्यावे. पीठ निम्मे मैद्याचे व निम्मे गव्हाचे घेतल्यास चालते. मात्र गव्हाच्या पिठास पाणी थोडे अधिक लागते.

सर्वांत महत्त्वाचे काम पीठ भिजविण्यापूर्वीचे आहे. पीठ फुगण्यास दोन-अडीच तास लागतात. कोरडा बेदाणा या काळात भोवतालच्या पिठातील पाणी ओढतो. त्यामुळे पाव भाजून निघाल्यावर त्याचा गर कोरडा राहतो व दुसऱ्याच दिवशी पाव शिळा वाटतो. उलट, रात्रभर भिजलेला बेदाणा मळताना फुटतो. त्याची साखर व आम्ल पिठात मिसळते, पिठावर काळसर रेघा उमटतात, पीठ चिकट होते व फुगण्याचे काम मंदावते. यांच्या मधला मार्ग बेकरीवाल्यांनी फार पूर्वीच शोधून काढला आहे. बेदाणा कोमट पाण्यात दहा मिनिटेच बुडवून ठेवावा, चाळणीत निथळावा आणि ओल्या फडक्याखाली दोन-तीन तास झाकून ठेवावा. या वेळात सालीवरचे पाणी आतपर्यंत मुरते. बेदाणा बाहेरून कोरडा व आतून मऊ होतो. जेवणापूर्वी बेदाणा निथळत ठेवला व जेवणानंतर पीठ मळले, तर वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

बेदाणा वगळून बाकीचे सर्व जिन्नस एकत्र करून पीठ दहा-बारा मिनिटे चांगले मळावे. ते ताणले असता तुटेनासे झाले की मगच बेदाणा पसरून हलक्या हाताने दोन-तीन घड्या घालाव्यात. घाईने आधी घातलेला बेदाणा मळताना चिरडतो. पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. हिवाळ्यात यास अधिक वेळ लागतो. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. नंतर पिठाचा लांबट गोळा करून तूप लावलेल्या डब्यात घालावा. वर डोकावणारे बेदाणे बोटाने आत दाबावेत किंवा काढून खालच्या बाजूस लपवावेत. उघडे राहिलेले बेदाणे भट्टीत कोळसा होतात. दुसऱ्यांदा फुगल्यावर 190 अंश सेल्सिअस उष्णतेवर अर्धा ते पाऊण तास भाजावे. वरची बाजू लवकर काळवंडू लागल्यास कागद झाकावा. पालथा करून तळावर बोटाने वाजविले असता पोकळ आवाज आला, म्हणजे पाव झाला असे समजावे. सुरी मात्र तो पूर्ण निवल्यावरच लावावी.

ज्या घरी ओव्हन नाही तेथे जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे उंचीचा कोरड्या वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवून झाकण लावावे व पातेले पाव तास तापवून मग डबा आत ठेवावा. पातळ ॲल्युमिनियमचे भांडे या कामी घेऊ नये. प्रेशर कुकर वापरावयाचा असल्यास रबरी कडे व शिट्टी काढून ठेवावी. या पद्धतीत वेळ अधिक लागतो आणि वरच्या बाजूस रंग येत नाही. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवावेत. नानकटाई करताना खाली-वर विस्तव ठेवण्याची रीत पुष्कळ घरांत होतीच. तीच येथे उपयोगी पडते.

केकचे पीठ पावाच्या पिठासारखे घट्ट नसते, त्यामुळे त्यात फळे तळाशी बसतात. फळांना पीठ चोळून घालावे असा सल्ला सर्वत्र देण्यात येतो, पण त्याचा फायदा थोडाच होतो. मिश्रण पळीतून संथपणे पडेल इतके दाट असणे व फळांचे तुकडे लहान असणे, या गोष्टी अधिक महत्त्वाच्या. वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या केकसाठी सुकी फळे पुष्कळ दिवस आधी रममध्ये भिजत घालतात. ती इतके दिवस टिकतात ती मद्यार्कामुळे. मद्य वर्ज्य असलेल्या घरी त्याऐवजी संत्र्याचा रस घेतात, ते उत्तमच आहे. परंतु रसात घातलेली फळे रमप्रमाणे पंधरा दिवस कपाटात ठेवल्यास आंबून जातात. रसात भिजविलेली फळे थंड जागी ठेवून दुसऱ्याच दिवशी वापरावीत.

खारीक, सुकेळी व लाडू

आता ज्या पदार्थांत पाणी वर्ज्य, त्यांच्याकडे वळू. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत खारकेची पूड, सुके खोबरे व बेदाणा पडतो. हे लाडू महिनाभर टिकावेत अशी अपेक्षा असते. येथे बेदाणा धुवावयाचाच असेल, तर लाडवांच्या दोन दिवस आधी धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवावा. सकाळी धुतलेला बेदाणा दुपारी लाडवात घालणे, हेच बुरशीचे नेहमीचे कारण होय. खारीक अडकित्त्याने फोडून बी काढावी, तुकडे कडक उन्हात तापवावेत व मग कुटावेत. उन्हाशिवाय कुटलेली खारीक चिकट होऊन गठ्ठे बांधते. पूड हवेतील ओल फार लवकर ओढते. ती आदल्या दिवशी करून उघडी ठेवू नये. गुळाचा पाक जरा पक्का घ्यावा. कच्च्या पाकातील पाणी शेवटी सुक्या फळांतच जाते.

खारीक दुधात शिजवावयाची असेल, तर पूर्वीचाच नियम लागू होतो. ती रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी त्याच पाण्यात मऊ शिजवून मग दूध घालावे. थेट दुधात टाकलेली खारीक तासभर उकळूनही चिवटच राहते.

वसई भागातील सुकेळी हा या विषयातील वेगळाच नमुना आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात अनेक दिवस वाळवून ती करतात. बेदाण्यापेक्षा ती मऊ असते, म्हणून भिजविण्याचे कारण पडत नाही. पातळ चकत्या करून तुपात किंचित परतल्या की पक्वान्न तयार होते. केकमध्ये घालावयाची असल्यास सुरीस तूप लावून तुकडे करावेत. कोरड्या सुरीला ती चिकटते. ज्या गावात केळीचे घड एकदम पिकून भाव कोसळतो, तेथील शेतकऱ्यांनी एकदा वसईला जाऊन ही कृती प्रत्यक्ष पाहावी. मात्र सर्वच जातींच्या केळ्यांची सुकेळी सारखी उतरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कोणता माल खावा, कोणता टाकावा

घरात राहिलेला हलक्या प्रतीचा बेदाणा वापरावा, असे वर सुचविले आहे. त्यास एक मर्यादा आहे. रंग गडद होणे वेगळे आणि बुरशी येणे वेगळे. उन्हाने तांबूस झालेला बेदाणा खाण्यास निर्धोक असतो. खीर, पाव व चटणी यांत त्याचा रंग आडही येत नाही. परंतु रॅकवर असताना अवकाळी पावसात भिजून ज्यास बुरशी आली, तो माल कितीही धुतला, वाळविला वा शिजविला, तरी खाण्यास योग्य होत नाही. काही बुरशी जे विष निर्माण करतात ते शिजविल्याने समूळ नाहीसे होत नाही. असा माल जनावरांच्या पुढेही टाकू नये. येथे चार पैशांचा मोह आवरणे कठीण जाते, हे खरे. तरीही कार्यकर्त्यांनी याबाबत स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

पुष्कळदा याच्या उलट चूक होते. जुन्या बेदाण्यावर किंवा अंजिरावर पांढरे कण दिसले की बुरशी समजून चांगला माल फेकला जातो. हे कण बहुधा साखरेचे असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. एक दाणा कोमट पाण्यात चोळावा. साखर असेल तर कण विरघळतात व दाणा स्वच्छ होतो. बुरशी असेल तर ती कापसाच्या तंतूंसारखी दिसते व तिला कुबट वास येतो. शंका राहिली तर माल टाकणेच बरे. अंजीर व जर्दाळू वापरण्यापूर्वी उकलून आतून पाहावेत, कारण अळी बाहेरून दिसत नाही.

सुक्या फळांच्या अन्नमूल्याविषयी अतिशयोक्तीही फार चालते. 100 ग्रॅम बेदाण्यापासून सुमारे 300 किलोकॅलरी मिळतात. शेतात राबणाऱ्या माणसास व वाढत्या मुलास हे चांगले खाद्य आहे. तथापि, बेदाण्याने किंवा खारकेने पंडुरोग बरा होतो असे समजून आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करणे घातक आहे. विशेषतः गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने टाळावे. मधुमेह असलेल्यांनी ही फळे साखरेइतक्याच जपून घ्यावीत. लहान मुलांच्या दातांना बेदाणा चिकटून राहतो, म्हणून खाल्ल्यावर चूळ भरावयास लावावे. गंधकाची धुरी दिलेला माल दम्याच्या काही रोग्यांना सोसत नाही. त्यांच्यासाठी धुरी न दिलेला तांबूस किंवा काळा बेदाणा निवडावा. बाजारात दुय्यम ठरलेला माल अशा घरी पहिल्या प्रतीचा ठरतो.

महिला बचत गटांनी बेदाण्याचा पाव किंवा लाडू विक्रीसाठी करावयाचे ठरविल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 अन्वये नोंदणी करून घ्यावी लागते. फळे कोणती व त्यांना धुरी दिली आहे किंवा नाही, हे पाकिटावरील चिठ्ठीत लिहावे.

घरच्या साठ्यासाठी बेदाणा चैत्र-वैशाखाच्या उन्हात पुन्हा एकदा निवडून, सावलीत पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावा. ऊन माल भरल्यास झाकणाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमतात व साठा तेथूनच बिघडू लागतो. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे बरे. एक उघडला तरी तीन बंद राहतात. फ्रिज असल्यास पावसाळ्याचे चार महिने निदान दोन डबे त्यात ठेवावेत, म्हणजे अळीची वाढ थांबते. बाहेर ठेवलेले डबे पंधरवड्यातून एकदा उघडून वास घ्यावा. दाणे एकमेकांस चिकटू लागले असतील, तर डब्यात ओल शिरली असे जाणून तो डबा आधी संपवावा.